चाळणीच्या कड्यावरचे वीस वेढे

कुदळ टण्णकन वाजली आणि म्हसोबाच्या माळावर जमलेली दोन-तीनशे माणसं एकदम पुढं रेटली. मागच्या बाया टाचा उंचावून बघायला लागल्या. खड्ड्यातून तांब्याचा एक हिरवट चंबू निघाला. तोंडावरची माती उकरली तर आत निजामाच्या वेळचे चारमिनारचे रुपये. काळवंडलेले, पण खरे.

"बगा! डोळे भरून बगा!" अंजनबाबा गरजला. काळी कफनी, कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज ढोलासारखा. "आमी काय बोललो हुतो? पायाळूच्या डोळ्यात आमचं अंजन गेलं की जमीन काचेवानी हुती! सात परस, सात माणसं खोल, मुंगी चालली तरी दिसती! कुणाला शंका आसल तर त्यानं आत्ताच घरी जावं, न्हाईतर म्हसोबा त्याची जीभ वळवील!"

घरी कोणीच गेलं नाही. लोक बाबाच्या पाया पडायला धावले आणि तिथून उठून शेजारच्या बाईच्या पाया पडायला लागले. तिच्या डोळ्यांतून काजळाचे ओघळ गालांवर आले होते. ती भांबावून हसत होती. तिचं उजवं मनगट अजून बाबाच्या मुठीतच होतं.

ती बाई म्हणजे दैवशाला, माझी बायको.

मी रामकिशन. हैदराबादेत सहा वर्षं रेडिओच्या दुकानात काम शिकून मी गावी परतलो होतो. ही गोष्ट सत्तावन्न सालची. आदल्या वर्षी हैदराबाद राज्य मोडून आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता आणि गावोगावच्या चावडीवर बॅटरीवर चालणारे सरकारी रेडिओ आले होते. पालमच्या आसपासच्या बारा गावांचे रेडिओ मीच दुरुस्त करायचो. आमच्या चावडीवर रेडिओ पहिल्यांदा बोलला त्या दिवशी लोकांनी चपला बाहेर काढल्या होत्या. म्हातारी माणसं मला "रामकिसनराव" म्हणायला लागली होती. ते मला फार आवडायचं.

बाबा आल्यापासून मात्र बातम्यांच्या वेळेला चावडीत मी आणि एक कुत्रं एवढेच उरलो.

बाबाचं दुकान आमच्याकडं चाललं त्याला कारण होतं. रझाकारांच्या धामधुमीत लोकांनी किडूकमिडूक जमिनीत पुरून गाव सोडलं होतं. परत आल्यावर कुणाला जागा सापडली, कुणाला नाही. धुरपताबाईचा नवरा तर परतलाच नाही. जाताना तो एवढंच म्हणाला होता, "मळ्यात पुरलंय." नऊ वर्षं ती बाई चार एकरांचा मळा उकरत होती. अशा गावात जमिनीखालचं दाखवणारा माणूस आला, तर त्याच्यामागं कोण जाणार नाही?

त्याला लागत होती पायाळू बाई. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आलेलं माणूस म्हणजे पायाळू. त्याच्या लाथेनं पाठीतली उसण जाते आणि डोळ्यात अंजन घातलं तर त्याला गुप्तधन दिसतं, असं लोक म्हणत. दैवशाला पायाळू होती. लग्न होऊन आल्यापासून गावातले पाठ धरलेले लोक आमच्या अंगणात पालथे पडायचे आणि ती बिचारी त्यांना हळूच लाथा मारायची.

त्या दिवशी ती घरी आली ती अक्षरशः तरंगत.

"काय दिसलं तुला?" मी विचारलं.

"दिसायचं काय, डोळे लय झोंबतेत. सगळं काळं काळं. मग बाबा मनगट धरून चालवतेत. चालता चालता हातात अशी कळ येती आन पाय आपोआप थांबतेत. अंगावर काटा येतो बगा."

"मनगट धरायची काय गरज?"

"मग काय पडू खड्ड्यात?"

"त्याच्या चेल्यानं काठी धरावी म्होरं. न्हाईतर बायांनी धरावं."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "आसं हाय व्हय. तुमचं दुखणं येगळंच हाय."

"माझं कायबी दुखत न्हाई."

"दुखतंय. आजवर लोकांनी माझ्या लाथा खाल्ल्या, तवा तुमाला हासू यायचं. आज कुणी माझ्या पाया पडलं तर तुमाला बघवंना."

तिचं खरं होतं. मला बघवत नव्हतं. बाबाची मूठ, तिचं हसू, रिकामी चावडी, सगळं एकदम जळत होतं. आज लिहिताना लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या लबाडीचा सगळा उलगडा तिनं मला आल्या आल्या बोललेल्या चार वाक्यांत सांगून टाकला होता. मी सहा वर्षं कान लावून रेडिओ दुरुस्त केलेला माणूस, पण मला त्यातलं फक्त "मनगट" ऐकू आलं.

आणखी दोन चंबू निघाले. मग बाबानं खरा डाव टाकला. म्हसोबाच्या बुडाशी सोन्याचे सात हंडे आहेत, त्यांच्यावर नाग बसलाय, तो सोन्यालाच वाट देतो. "सोन्याला सोनं वढतं! घरोघरचं सोनं एका मडक्यात घाला. अकरा दिवस आमच्या आसनाखाली पुरून ठिऊ. अकराव्या दिवशी ज्याचं गुंजभर त्याला शेरभर! मातर अकरा दिसांच्या आत कुणी माती हालवली तर त्याचे डोळे जातील!"

बायांनी गळ्यातलं काढून दिलं. बोरमाळा, पुतळ्या, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली फुलं-झुबे. धुरपताबाईनं सासूची एकदाणी दिली. तिच्याकडं उरलेला तेवढाच दागिना होता. बाबानं सगळ्यांसमोर मडकं भरलं, घोंगडीखाली धरून मंत्र पुटपुटला, लाल फडक्यानं तोंड बांधून बाहेर काढलं आणि पुरलं. मडक्याच्या तोंडावर चार बोटं माती आणि त्यावर बाबाचं आसन.

दैवशालानं आपली बोरमाळ मला न विचारता मडक्यात घातली होती. मी भांडलो नाही. मनात ठरवलं की बाबाच्या आधी ते सात हंडे मीच काढीन.

हो, असंच ठरवलं. मला बाबा खोटा आहे हे दाखवायचं नव्हतं. मला त्याच्याहून मोठा व्हायचं होतं. हंडे असतील असं अर्धंमुर्धं मलाही वाटत होतं. मत्सर माणसाला किती भोळा करतो ते मी तेव्हा स्वतःवरच अनुभवलं.

हैदराबादच्या दुकानात एक फौजी कारागीर होता. लढाईत पुरलेले सुरुंग कसे शोधायचे ते त्यानं मला एकदा कागदावर काढून दाखवलं होतं. तारेचं एक मोठं वेटोळं करायचं, त्याला रेडिओतला एक काचेचा व्हॉल्व्ह आणि बॅटरी जोडायची. वेटोळ्यातून रेडिओसारख्याच लहरी निघतात. शेजारी चालू रेडिओ ठेवला आणि या लहरी स्टेशनच्या लहरींच्या अगदी जवळ आणल्या की रेडिओतून शिट्टी येते. वेटोळ्याजवळ सोनं, चांदी, तांबं-पितळ आलं की शिट्टीचा सूर चढतो. इतकंच.

तार होती. एका जळक्या ट्रान्सफॉर्मरमधून व्हार्निश लावलेली तांब्याची तार मी आधीच सोडवून ठेवली होती. वेटोळ्याला गोल, हलकं, लाकडाचं कडं हवं होतं. घरातली पिठाची चाळणी खुंटीला दिसली. तिची जाळी काढली आणि कड्यावर तार गुंडाळायला बसलो. वेढ्याला वेढा चिकटून यायला हवा, ताण सगळीकडं सारखा हवा. एक वेढा सैल राहिला की सगळी शिट्टी थरथरते. माझ्या हातात राग होता. सातव्या वेढ्याला तार तुटली. पुन्हा सुरुवात केली तर बाराव्याला वेढे एकावर एक चढले. तिसऱ्या वेळी कसेबसे वीस वेढे झाले. दोऱ्यानं बांधले, वर मेण ओतलं. हात जवळ आल्यानं सूर हलू नये म्हणून चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद सगळ्या कड्यावर गच्च लपेटला, तारेच्या टोकांना डाख दिला आणि बॅटरी जोडली.

शिट्टी नाही. रेडिओवर हैदराबादचं स्टेशन खुशाल गात होतं.

"माझी चाळणी कुठाय?" दैवशाला दारात उभी होती. पिठाची परात तिच्या कमरेवर होती.

मी कडं मांडीआड सरकवलं.

"ही माझी चाळणी हाय? आवो, जाळी कुठं गेली हिची? आता भाकरी काय कोंड्याच्या करू? आन हे काय करायलाव तुमी?"

"तुला न्हाई कळायचं."

ती परात खाली ठेवून समोर बसली. "बाबानं मला आंजनात काय काय घालतेत ते सांगितलं. एरंडाचं तेल, कापराची काजळी, आजून धा गोष्टी. खरं सांगितलं का खोटं, मला म्हाईत न्हाई. पन सांगितलं. तुमी लगीन झाल्यापास्नं ह्या पेटीत नाक खुपसून बसताव, मला कदी एक तार दावली न्हाई."

हे मला लागलं. मी चिडूनच सांगायला लागलो. तार कशी असते, लहर कशी निघते, हा कागद कशाला. सांगता सांगता "कागदाचं पुरं कडं" असं म्हणालो आणि थबकलो. कागदाचं कडं पुरं झालं म्हणजे तेही एक बंद वेटोळंच झालं! सगळी लहर तेच गिळत होतं. कागदाला एक बोट फट ठेवायची असते, हे मी घाईत विसरलो होतो. चाकूनं बोटभर कागद कापला. रेडिओतल्या गाण्याखालून बारीक, लांब शिट्टी निघाली.

दैवशालानं पितळी तांब्या जवळ आणला. शिट्टी चढली. दूर नेला तशी उतरली. तिनं तो पाच-सहा वेळा मागंपुढं केला आणि खळखळून हसली. मग स्वतःच अंगणात खड्डा करून तांब्या पुरला आणि काठीला बांधलेलं कडं वरून फिरवलं. वीतभर खाली वाजलं. हातभर खाली पुरला तर नाही.

"वीतभरच," ती म्हणाली. "म्हंजे सात परस खालचं न्हाई कळायचं ह्याला."

माझे सात हंडे तिथंच बुडाले. मी तोंड पाडून बसलो.

"पन बाबाच्या मडक्यावर तर चारच बोटं माती हाय," ती एकदम म्हणाली. "चला. त्याच्यावर वाजवून दावा. मंग तुमचं यंत्रबी खरं, बाबाबी खरे. तुमच्या पोटातली आगबी इझंल."

तिला बाबाची साक्ष काढायची होती. मला तिच्यासमोर यंत्र मिरवायचं होतं. दोघांच्याही मनात शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ओढ्यावर अंघोळीला गेलेला. आसनापाशी त्याचा चेला आणि रोजची गर्दी. गावचे पोलीस पाटील लिंबाजी पाटील रेडिओ पाहून हौसेनं पुढं आले. मी रेडिओ बाजेवर ठेवला, हैदराबादचं स्टेशन लावलं, शिट्टी जुळवली. चेला ओरडत असताना पाटलांनीच आसन बाजूला सारलं. "माती हालवायची न्हाई, वरून नुस्तं बघायचंय. त्याला तर बाबाची मनाई न्हाई?"

मी कडं जमिनीवरून फिरवलं. शिट्टी एका सुरात. पुन्हा फिरवलं. सूर जराही हलला नाही.

"यंत्र बिघडलंय," मी पुटपुटलो. मी बॅटरीच्या तारा चाचपल्या.

"थांबा," दैवशाला म्हणाली. तिनं शेजारच्या घरातून तसलंच एक मडकं आणवलं. "पाटील, तुमचा चांदीचा करगोटा द्या."

लोक हसले. पाटलांनी धोतर सावरत करगोटा काढून दिला. मडक्यात घालून दहा पावलांवर चार बोटं मातीखाली पुरला. मी कडं नेलं. शिट्टी अशी किंचाळली की जवळची शेळी उधळली.

एका करगोट्याला एवढी शिट्टी, आणि गावभरच्या सोन्याला काहीच नाही? एवढ्यात बाबा ओल्या कफनीत धावत आला.

"सैतानी कडं! कुणी आणलं हितं?"

"बाबा," पाटील म्हणाले, "तुमच्या मडक्यावर वाजंना हे."

बाबा क्षणभरच थांबला. "कसं वाजंल? सोनं हितं हाय कुठं! सोनं पाताळात उतरलंय! सात हंड्यांना बोलवायला गेलंय! अकराव्या दिवशी वर येईल!"

आणि लोकांनी माना डोलावल्या. मी बघतच राहिलो. सुस्काराही टाकला कुणी कुणी.

दैवशालानं मात्र मान डोलावली नाही. ती आपल्या मनगटाकडं बघत होती. मग ती बाबापुढं जाऊन उभी राहिली.

"बाबा, मला आंजन घाला."

"आत्ता न्हाई."

"आत्ताच घाला. पाटील त्यांचा करगोटा कुठंबी पुरतील. मी हुडकते. फकस्त तुमी माझा हात धरायचा न्हाई. धुरपतामावशी धरंल."

"हाताबिगर शक्ती कशी उतरंल?"

"शक्ती न्हाई ती. आंगठा हाय तुमचा." तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "आयकताव का गावकरी, मला एकबी चंबू दिसला न्हाई. डोळ्यात नुस्ती आग. बाबा चालवायचे, जागा आली की मनगटावर आंगठा दाबायचे. मला वाटायचं दैवी कळ आली. मी थांबायची, तुमी खणायचात. त्यांना जागा आदीच म्हाईत हुती."

गावाकडून नुकतंच पाया पडून घेतलेल्या बाईनं हे बोलणं सोपं नव्हतं. ती रडत नव्हती. मीच रडायचा बाकी होतो.

"जिला देवानं डोळे दिले तीच देवावर उलटली!" बाबा गर्जला. "जो ही माती उकरंल तो आंधळा!"

धुरपताबाईनं पाटलाच्या गड्याच्या हातातली कुदळ ओढून घेतली. "नऊ वर्सं उकरायलेय मी. मोतीबिंदूनं आर्धी आंधळीच हाय. अजून काय जाणार माझं?" आणि तिनं घाव घातला.

मडकं निघालं. लाल फडकं तसंच. "हाय, हाय!" लोक ओरडले. पाटलांनी गाठ सोडून मडकं उपडं केलं. ओढ्यातले गोटे घडाघडा बाहेर पडले.

"बगा!" बाबा त्यावरही तयार होता. "ह्या कड्याच्या इटाळानं सोन्याचे गोटे झाले! पाप ह्या नवरा-बायकोच्या डोक्यावर!"

काही लोक खरोखर माझ्याकडं रागानं वळले. त्या गडबडीत चेल्यानं आसनामागचं, बाबाच्या धुनीच्या राखेचं पोतं उचललं आणि तो वाटेला लागला. दोन्ही हातांनी छातीशी धरून, पाठ मोडल्यासारखा.

"राख इतकी जड?" दैवशाला म्हणाली. तिनं माझ्या हातातली काठी घेतली, चेल्याला आडवी झाली आणि कडं पोत्याला लावलं. मागं बाजेवरचा रेडिओ लांबच लांब किंचाळला.

पोत्याच्या तळाशी, राखेत, बोरमाळा, पुतळ्या, झुबे होते. धुरपताबाईची एकदाणीही.

पाटलांनी दोघांना चावडीत बसवलं आणि पालमला पोलिसांकडं माणूस धाडला. तेवढ्या वेळात चेल्यानं सगळं ओकून टाकलं. पंधरा दिवस आधी तो सुया-पोत विकणारा म्हणून गावात फिरून गेला होता. पायाळू कोण, कुणाचं काय हरवलंय, हे त्यानं बायांच्या गप्पांतूनच काढलं. नवे चंबू चिंच-मीठ लावून, उकिरड्यात पुरून हिरवे केले. चारमिनारचे रुपये बाजारातून जमवले. मडकी दोन होती. घोंगडीखाली सोन्याचं आत गेलं आणि गोट्यांचं बाहेर आलं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात रांग लागली. कुणी नारळ आणला, कुणी कड्याला हळद-कुंकू लावलं. एक जण म्हणाला, "रामकिसनरावांचं कडं जागृत हाय." लोक माझ्या पाया पडले. आणि सांगतो, मी पाय मागं घेतले नाहीत. इतके दिवस जे बाबाकडं बघून जळत होतो, ते आता मला मिळत होतं.

धुरपताबाई पुढं आली. "लेका, माझ्या मळ्यावर चल. तुझ्या कड्याला सापडंल?"

"सापडंल की, मावशी."

"कशावरनं?" मागून दैवशाला म्हणाली. "वीतभरच्या खाली ह्याला कळत न्हाई. मावशीच्या मालकानं वीतभरावर पुरलं आसतं तर तिच्या खुरप्यालाच कवा लागलं आसतं."

मला तिचा राग आला. ती खरं बोलत होती आणि लोक तिचं ऐकत होते, म्हणून आला. दोन-तीन दमांत तो उतरला, कारण धुरपताबाई माझ्या तोंडाकडं अजून तशीच बघत होती. तसंच तोंड करून तिनं बाबाकडं बघितलेलं मी पाहिलं होतं.

"न्हाई सापडायचं, मावशी," मी म्हणालो. "फार खोल आसल. माझ्या यंत्राची तेवढी ताकद न्हाई."

तिनं कड्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "नऊ वर्सांत न्हाई म्हणणारा तूच पयला भेटलास." आणि पदरानं डोळे पुसून म्हणाली, "तर मग औंदा पेरते मी मळा."

त्या संध्याकाळी मी कड्यावरचं कुंकू पुसून ते चावडीत नेलं. मेण खरवडलं, कागद सोडला, वीस वेढे सगळ्यांसमोर उलगडले आणि ज्याला हवं त्याच्याकडून पुन्हा गुंडाळून घेतले. सगळ्यात नीट वेढे दैवशालाचे आले. माझ्यापेक्षा नीट. ते बघून थोडं जळलंच, पण ते माझं मी बघून घेईन.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. तुमच्या गावात उद्या कुणी अंजन घेऊन येईल, कुणी अंगारा, कुणी माझ्यासारखं यंत्र. तो काय काय करतो हे विचारत बसू नका, ते तो न विचारताच सांगतो. त्याला विचारा, "हे कुठं चालत नाही? चुकतं कधी? उघडून दाखवता का?" उत्तर देणारा असेल तर त्याच्याजवळ बसा आणि शिकून घ्या. डोळे जातील म्हणून भीती घालणारा असेल, तर डोळे उघडे ठेवून पाटलांना बोलवा.